फणसाचं झाड आणि माझी मनगटं

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे, घरातल्या दोघींना आता कळलंय, पण ते तुकड्यातुकड्यात, जिन्यात उभ्याउभ्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत, सलग, असं कुणालाच नाही. आणि हे कोण म्हणतंय? ज्याला न विचारता गोष्टी सांगायची खोड आहे तो! बारसं असो, साखरपुडा असो, जेवणं उरकली की कुणीतरी म्हणणारच, ‘सावंतकाका, होऊन जाऊ दे.’ काका मांडी ठोकून तयार. काकांना फक्त निमित्त लागतं. खरं सांगायचं तर तेही लागत नाही.

त्यातली मानाची गोष्ट म्हणजे फणसाची.

मी तेव्हा शाळकरी. मे महिना, मालवणजवळचं आमचं गाव, शेजारच्या तात्यांचा बरका फणस. मी चोरून वर. तेवढ्यात खाली तात्या, हातात काठी. ‘खाली उतर मेल्या!’ मी उतरलो, पण फणसाच्या आधी. दोन्ही हात पुढे टाकून थेट अंगणात. मग हाडवैद्य येतो, त्याच्या तोंडाला ताडीचा वास, तो बांबूच्या पट्ट्या उलट्या बांधतो, आणि तेव्हापासून माझ्या दोन्ही मनगटांवर करंगळीच्या बाजूला ही अशी टेकाडं. हाडवैद्याची नक्कल करताना मी डोळे फिरवतो. त्या ठिकाणी लोक हमखास हसतात. माझी मुलगी मुक्ता लहानपणी तर आधीपासूनच हसायला लागायची.

गोष्ट चांगली आहे ना? अडचण एकच.

पण थांबा, त्याआधी मुक्ताबद्दल सांगतो. तिच्याबद्दल बोलायला मला नेहमीच बरं वाटतं, आणि — हो, कळतंय मला, मी मुद्दा लांबवतोय.

मुक्ता सातवी-आठवीत होती तेव्हा तिचं मनगट दुखायला लागलं. आधी उजवं, मग डावं. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत एक प्रघात आहे. थंडीभर सकाळी गच्चीवर मुलांचे सूर्यनमस्कार, आणि रथसप्तमीला सगळ्यांचे सामुदायिक. ते घ्यायचो मी. घ्यायचो म्हणजे घालायचो नाही, नीट लक्षात घ्या. मी माईकपाशी उभा राहून मंत्र म्हणायचो आणि आकडे मोजायचो. आवाज खणखणीत, कुडता पूर्ण बाह्यांचा. लोक मला सूर्यनमस्काराचे गुरुजी समजायचे. या गुरुजींनी शाळा सुटल्यापासून एकही नमस्कार घातलेला नाही, हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांना ते मान्यही होतं. ‘काकांची मनगटं मोडलेली आहेत ना, फणसावरून पडले होते.’ पाहा, गोष्ट किती उपयोगी!

सूर्यनमस्कारात ‘दोन’ म्हटलं की तळहात जमिनीवर टेकायचे, आणि नमस्कार संपेपर्यंत ते जागचे हलवायचे नाहीत. हा नियम मी फार कडक पाळायचो — दुसऱ्यांच्या बाबतीत. मुक्ताचे तळहात टेकेनात. मनगट मागे वाकेचना. ती बोटांवर भार घ्यायची, कधी हात बाहेर वळवायची, कधी नुसतीच उभी राहायची. आणि मी माईकवरून, सगळ्या पोरांसमोर —

‘मुक्ता, तळहात पूर्ण.’

‘बाबा, दुखतं.’

‘सवयीनं जाईल.’

एकदा ती चिडून म्हणाली, ‘तुम्ही कुठे टेकवता?’ पोरं खिदळली. आणि मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, ‘मी झाडावरून पडलो होतो, मला माफी आहे. तू कुठून पडलीस?’

पोरं आणखी हसली. माझं टायमिंग चांगलं आहे, सगळेच सांगतात.

त्या थंडीत ती रोज तळहात टेकवत राहिली. दात आवळून. घरी आली की पोळपाटावर हात ठेवतानासुद्धा तोंड वाकडं करायची. शेवटी माझी बायको सुलभा — ती शांत बाई आहे, पण एकदा ठरवलं की ठरवलं — तिला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मीही गेलो. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि जर्मन वाटेल असं एक नाव सांगितलं. म्हणाले, हे जन्मतःच हाडात असतं, दिसायला लागतं वाढीच्या वयात. पुढच्या हाताचं एक हाड वाकडं वाढतं, दुसरं वर डोकावतं. मनगट मागे कमी वाकतं, तळहात आभाळाकडे पूर्ण वळत नाही. तिचं फार नाही, आत्ता ऑपरेशन नको, लक्ष ठेवू. मात्र मनगट मागे मुडपून त्यावर अंगाचं वजन टाकणं बंद. अगदी बंद.

मग त्यांनी विचारलं, ‘घरात आणखी कुणाला आहे? पुष्कळदा घराण्यात असतं.’

माझे हात टेबलाखाली होते. मांडीवर सुलभाची पर्स, पर्सवर माझे हात.

आता अडचण सांगतो. मी कुठल्याही फणसावरून पडलेलो नाही.

माझी मनगटं आपोआप अशी झाली. मिसरूड फुटायच्या सुमारास. आधी दुखली, मग उंचवटे आले, मग तळहात वळेनासे झाले. कुणी डॉक्टर बघितला नाही. आम्ही गिरणगावातून नुकतेच इकडे आलो होतो आणि मनगट हा काही डॉक्टरला दाखवायचा अवयव नव्हता. पुढे माझं लग्न ठरत होतं तेव्हा सुलभाच्या मामांनी माझ्या हातांकडे जरा जास्त वेळ पाहिलं. आई पटकन म्हणाली, ‘ल्हानपणी झाडावरसून पडलो हा, बाकी कायेक नाय.’ आईनं एक वाक्य दिलं. झाडाला फणस लावला मी. तात्या मी आणले, हाडवैद्य मी आणला, ताडी मी पाजली. त्यात आईचा काही हात नाही.

कुणाला कधीच संशय आला नाही? तुम्ही विचाराल. अहो, गोष्ट चांगली असली की माणसं हाडाकडे बघत नाहीत. आमच्याकडे गणपतीत मुक्ता तीर्थ घ्यायला हात पुढे करायची तेव्हा तळहात वळत नाही म्हणून सगळं अंगच तिरकं करायची, कोपर पोटाशी घेऊन. सुलभा कौतुकानं म्हणायची, ‘बघा, तीर्थसुद्धा अगदी बापासारखं घेते!’ सगळ्यांना ती लकब वाटायची. मी मात्र तेवढ्यात प्रसादाचं ताट आणायला आत जायचो.

तर डॉक्टरांनी विचारलं, आणि मी म्हटलं, ‘नाही. कुणालाच नाही.’ सुलभानं भाबडेपणानं पुस्ती जोडली, ‘यांची मनगटं अशीच दिसतात, पण ती मोडलेली आहेत. लहानपणी.’

‘दोन्ही?’ डॉक्टर.

‘दोन्ही,’ मी. पर्स घट्ट धरून.

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. तेव्हा बोलता आलं असतं. बाहेर पेशंट ताटकळत होते, त्यांनी कागद पुढे ओढला आणि ती वेळ गेली.

घरी आल्यावर आईनं निकाल दिला, ‘आमच्या घराण्यात असला कायेक नाय. माहेरसून इला असतला.’ सुनेच्या माहेरून. आईला खरं माहीत होतं, मला माहीत होतं. आम्ही दोघंही चहा पीत होतो. सुलभा आत गेली आणि तिनं मुक्ताच्या मनगटाला शेक द्यायला पाणी गरम करायला ठेवलं.

त्यानंतरची वर्षं मला मुक्ताची म्हणून आठवतात. घाटकोपरच्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे ती जायची. मला वाटलं होतं पोरगी आता व्यायामाला कायमचा रामराम ठोकणार — मी ठोकला होता ना! तिनं उलटंच केलं. त्या बाईंना ती प्रश्न विचारून हैराण करायची. तळहात नको तर मूठ चालेल? मुठीवर मनगट सरळ राहतं, मग भार हाडातून सरळ जातो, चालेल. घडी घातलेला टॉवेल खाली घे, सांध्यांना टोचणार नाही. मूठही नको वाटली तर कोपरापासूनचा पूर्ण हात टेकव. जमिनीवर नाही जमलं तर भिंतीवर. मुलीनं एकेक करून सगळं करून पाहिलं. पुढे जमिनीवर ठेवायचे दोन दांडे आणले, धरून जोर काढायला. वजन उचलताना बेताचं घ्यायची, आणि वाढवायची तेसुद्धा इतकं हळू, की शेजारच्याला कळूही नये.

तिची एक परीक्षा आहे, ती मला फार आवडते. व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप उचलायचा. मनगटानं कुरकुर केली तर काल जास्त झालं, आज हातांना सुट्टी. मग त्या दिवशी मनगटाला पट्टा बांधून ती डोंगराच्या बाजूला चालायला जायची. ‘हात रुसलेत बाबा, पाय थोडेच रुसलेत!’ आणि कळ आली की थांबायची. मधेच, सगळ्यांसमोर. दात आवळून दाखवणं तिनं सोडून दिलं. ते मी शिकवलं होतं.

पण मला सगळ्यात थक्क करायचं ते वेगळंच. लोणच्याची बरणी. घट्ट बसलेलं झाकण ती हातात घ्यायची, अंदाज घ्यायची आणि समोर जो असेल त्याला द्यायची. ‘हे माझ्याकडून नाही होत. तू उघड.’ बस्स. ना खंत, ना कहाणी. मी आयुष्यभर अशा बरण्या बाथरूममध्ये नेऊन, टॉवेलात धरून, घामाघूम होऊन उघडल्या आहेत. एक साधं वाक्य — तेरा-चौदा वर्षांच्या पोरीला येत होतं. मला त्याऐवजी अख्खा फणस लागला.

आता ती लग्न होऊन बोरिवलीला असते. तरी दर रविवारी सकाळी आमच्या गच्चीवर येऊन वर्ग घेते. कणीक मळून मनगटं गेलेल्या काकू, दिवसभर माऊस धरणारी पोरं, सगळी येतात. प्रत्येकाचं मनगट ती हातात घेऊन बघते, इकडून तिकडून वळवून, कितपत वाकतं ते. मग त्याचा व्यायाम ठरवते. ‘तुमचं शरीर आहे ते बघून व्यायाम बदला. व्यायामासाठी शरीर नका बदलू.’ हे मी खाली घरात, खिडकीशी पेपर धरून ऐकतो. पेपर वाचत नाही. अभिमानानं छाती अशी फुगते की सुलभा म्हणते, ‘बटण तुटेल.’

मी कधी त्या वर्गाला गेलो का? नाही. तिनं माझं मनगट हातात घेतलं असतं.

मग गेल्या वर्षी मुक्तानं आणि जावयांनी ठरवलं, आता मूल हवं. तिच्या डॉक्टरबाईंनी दोन्ही घरांची माहिती मागितली. विशेषतः मनगटाची. भीतीचं काही नाही म्हणाल्या, पण माहीत असलेलं बरं, म्हणजे बाळाच्या वाढीकडे वेळेवर लक्ष राहील. मुक्तानं फोन केला. ‘बाबा, तुमच्याकडे नक्की कुणाला नव्हतं ना?’

‘नव्हतं गं.’

बघा, किती सहज! खोटं जुनं झालं की जड लागत नाही.

आणि मग सुलभानं शोध सुरू केला. माहेरच्या एकेका माणसाला फोन. अंथरुणाला खिळलेल्या मावशीला फोन. ‘मावशी, आजीची मनगटं कशी होती गं?’ पुढे तिच्या भाचीचं लग्न निघालं. तिथे मी तिला पाहिलं — काय करत होती सांगू? बायकांच्या घोळक्यात शिरून ‘बघू बांगड्या!’ म्हणत होती. बांगड्यांत तिला काडीचा रस नाही. ती एकेकीचा हात हातात घ्यायची, बांगड्या वर सरकवायची आणि अंगठ्यानं हळूच मनगटाचं हाड चाचपायची. तिची वहिनी तिच्या पाठीमागे दुसरीला म्हणाली, ‘हिला झालंय तरी काय? सोनाराकडे नोकरी धरलीन की काय!’ आणि दोघी हसल्या. सुलभानं ते ऐकलं. तरी ती पुढच्या बाईकडे गेली.

मी तिच्या शेजारी होतो. बाह्यांची बटणं लावून.

रात्री घरी येऊन तिनं पाय पोटाशी घेतले आणि म्हणाली, ‘सगळ्यांची सरळ आहेत हो. एकूण एक. मग माझ्यातूनच आलं असेल ना तिला? माझ्यात न दिसता?’

मी तिला काय सांगायला हवं होतं हे तुम्हाला कळतं, मलाही कळत होतं. ती माझ्याकडे बघत होती. तिला उत्तरसुद्धा नको होतं, नुसता धीर हवा होता.

मी म्हटलं, ‘असेल.’

हाच तो शब्द. फणस वगैरे सगळं पोरकट म्हणून सोडून देता येईल. पोरीला माईकवरून टाकून बोललो ते — नाही, तेही सोडता येत नाही. पण हा शब्द मी पन्नाशी उलटल्यावर, पूर्ण शुद्धीत, जिच्याबरोबर आयुष्य काढलं त्या बाईच्या डोळ्यांत बघून उच्चारला. का? माझी गोष्ट शाबूत राहावी म्हणून. लग्नाच्या जेवणानंतर सांगायची एक गोष्ट.

यंदाच्या रथसप्तमीला गच्ची भरली होती. मी माईकपाशी. मुक्ता पहिल्या रांगेत, मुठींखाली टॉवेलची घडी. नव्यानं राहायला आलेले एक गृहस्थ तिच्याकडे बघून म्हणाले, ‘मॅडम, तळहात टेकवायचे असतात.’

‘तुम्ही टेकवा ना,’ ती हसून म्हणाली. ‘माझी मनगटं जन्मापासून अशीच आहेत. मी असेच घालते.’

बस्स. बरणीसारखंच. जन्मापासून अशीच आहेत. भरल्या गच्चीत, उजेडात, आवाज न चढवता.

मी ‘एक’ म्हटलं. पुढचा आकडा तोंडातून येईना. सगळे हात वर ताणून उभे, आणि गुरुजी गप्प. मागून कुणीतरी ओरडलं, ‘काका, नेटवर्क गेलं काय?’ मी माईक त्या गृहस्थांच्याच हातात दिला. कुडत्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर केल्या. मुक्ताच्या शेजारी जाऊन गुडघ्यांवर बसलो — गुडघ्यांनी जे आवाज काढले त्याबद्दल बोलत नाही — आणि तिच्या टॉवेलच्या उरलेल्या टोकावर माझ्या दोन मुठी टेकवल्या.

चार मुठी एका ओळीत. चार मनगटं. तेच टेकाड, तोच बाक, डावं-उजवं एकसारखं. मोडून सांधलेलं हाड दोन्हीकडे इतकं सारखं कधी जुळत नाही, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. ती बघत राहिली. मला वाटलं आता उठून जाईल. गेली असती तर तेही बरोबरच होतं.

तिनं हात पुढे केला आणि माझं उजवं मनगट बोटानं हलकेच सरळ केलं. ‘आत वाकवू नका. सरळ.’ मग, माझ्याकडे न बघता, ‘कळ आली की थांबायचं.’

माझा जेमतेम एक नमस्कार झाला. तिनं तिचे सगळे घातले, नीट, श्वास मोजून.

सुलभा तिसऱ्या रांगेत होती. जिन्यात तिनं मला गाठलं. खाली जाणारे लोक ‘काका, झकास!’ म्हणत होते. मुक्ता दोन पायऱ्या वर थांबली होती, टॉवेल खांद्यावर टाकून.

‘फणस कुणाचा होता हो?’ सुलभानं विचारलं.

‘फणस नव्हता.’

‘आणि आईंना?’

‘माहीत होतं.’

मी तिला आणखी सांगायला लागलो, लग्न ठरण्याचं, तिच्या मामांचं. आणि ऐकता ऐकता माझं मलाच जाणवलं, की हीसुद्धा गोष्ट होतेय, आवाज चढउतार घेतोय. मी थांबलो.

त्याच आठवड्यात मुक्तानं तिच्या डॉक्टरांना फोन करून माहिती दुरुस्त केली. वडिलांकडून, म्हणाली. आवाज नेहमीचाच होता. रविवारी ती येते, वर्ग घेते. मी आता मागच्या रांगेत असतो, भिंतीशी, सगळ्यात सोपे व्यायाम करत. ती माझं मनगट बाकी सगळ्यांसारखंच हातात घेऊन बघते, कमी नाही, जास्त नाही. सुलभानं माहेरी कुणालाही काही कळवलेलं नाही. एकेकाला फोन मी करतोय. मावशींना ऐकू कमी येतं, त्यांना मोठ्यानं सांगावं लागलं, माझ्याकडून आलंय, माझ्याकडून. वहिनींना सांगितलं तेव्हा त्यांनी फोन सुलभाकडे द्यायला सांगितला.

जिन्यात मात्र त्या दिवशी सुलभा एवढंच म्हणाली होती, ‘त्या लग्नात मी बायकांची मनगटं चाचपत फिरत होते. वहिनी हसली मला. तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात.’

होतो. शेजारीच उभा होतो. तिला दोन्ही हात मोकळे हवे होते, म्हणून तिची पर्स मी धरली होती.